डबलसीट बसलं की फ्यूज उडतो: जुन्या येझदीचं मागचं अंग बदलल्यावरचं दुखणं

एकट्यानं फिरवली तर गाडीची काही तक्रार नसते. मागं कोणी बसलं आणि वाटेत एखादा उंच स्पीडब्रेकर आला, की मागचा लाल दिवा बंद. फ्यूज काढून बघावा तर काच काळी पडलेली. नवा घातला की पुन्हा तीन आठवडे, कधी महिना, सगळं सुरळीत. मागचं मडगार्ड कापून, रुंद टायर घालून, शॉकअप बदलून ज्यांनी जुनी गाडी नटवली आहे, अशा दोघा-तिघांकडून मी हेच ऐकलंय. माझ्या स्वतःच्या गाडीनं तर मला काही महिने नाचवलं. काय काय करून बघितलं, कुठं चुकलो आणि शेवटी दोष कुठं सापडला, ते लिहितोय.

गाडी काकांची, १९८२ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. तो कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. काका निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. शनिवारी संध्याकाळी दोन सायलेन्सरांचा तो आवाज बेळगावात आमच्या अनगोळच्या गल्लीत शिरला की आम्ही पोरं दप्तरं टाकून पळायचो. ते गेल्यावर गाडी दोन वर्षं गोणपाटाखाली पडून होती. काकू म्हणाली, "गंजवण्यापेक्षा तूच फिरव की रे."

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. असल्या माणसाच्या हातात जुनी गाडी दिली की तो ती आहे तशी ठेवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मागचं मडगार्ड निम्मं कापलं आणि टायरच्या जवळ दिसावं म्हणून १५ मिलिमीटर खाली घेतलं. त्याच वेळी छोटा गोल दिवा लावला आणि त्याची वायर मडगार्डच्या आतून, मधोमध क्लिपा मारून नेली. वरून वायर दिसत नव्हती, मला तेच पाहिजे होतं. संक्रांतीच्या सुमारास मूळ सव्वातीन इंची टायर काढून १००/९० चा घातला. मे महिन्यात दुसऱ्या गाडीचे गॅसच्या डब्याचे शॉकअप मिळाले, तेही चढवले. या तिन्ही कामांचा क्रम लक्षात ठेवा, पुढं त्याचाच हिशेब आहे.

पहिला फ्यूज गेला श्रावणात. बायकोला घेऊन जांबोटीला चाललो होतो. पिरनवाडीच्या पुढं दिवा गेला. मला वाटलं पाऊस, पाणी शिरलं असेल. दिवा उघडून पुसला, पाच अँपिअरचा नवा फ्यूज घातला, विषय संपला. भाद्रपदात पुन्हा. नवरात्रात पुन्हा. दर वेळी मी दिव्याजवळच काहीतरी उचकत बसायचो, कारण बंद पडलेला दिसायचा तो दिवाच.

आधी आकड्यांकडे बघू, कारण मी पहिली चूक तिथंच केली. गाडी सहा व्होल्टची आहे. मागचा बल्ब ५ आणि २१ वॅटचा. २१ वॅटला बारा व्होल्टच्या गाडीत पावणेदोन अँपिअर लागतात, सहा व्होल्टला साडेतीन. त्यात ५ वॅटचे पाऊण अँपिअरच्या वर, म्हणजे ब्रेक दाबला की एकूण सव्वाचार-साडेचार. पाचचा फ्यूज काठावर आहे खरा, पण पुरतो. मी मात्र "काठावर आहे म्हणूनच जातो" असं धरून चाललो आणि दहाचा घातला. तोही गेला. काठावरचं दुखणं असतं तर दहाचा टिकला असता. तो गेला याचा अर्थ कुठंतरी वायर थेट लोखंडाला टेकते आहे. हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी काय केलं? एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोरानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजभोवती गुंडाळून दिली आणि म्हणाला, "आता नाही जाणार." फ्यूज गेला नाही, हे खरं. चौथ्या दिवशी सीटखालून जळका वास आला आणि हातभर वायरीचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलेलं सापडलं. पेट्रोलची टाकी तिथून वीतभर पुढं. असला उपाय कोणी सुचवला तर चहा पिऊन परत यावं.

तेव्हा फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज घालू नका, फ्यूजच्या जागी दिवा घाला. फ्यूज काढायचा आणि त्याच्या दोन टोकांना हेडलाइटचा जुना बल्ब, ३५ वॅटचा, दोन वायरींनी जोडायचा. मागचा छोटा दिवा नीट असेल तर तो पेटतो आणि हा मोठा बल्ब जेमतेम लालसर होतो किंवा होतच नाही. वायर कुठं टेकली की मोठा बल्ब लख्ख पेटतो, कारण मग सगळा करंट त्याच्यातूनच वाहतो. फ्यूज जळत नाही, वायर तापत नाही, आणि गाडी हलवत, वायरी ओढत दोष निवांत हुडकता येतो. ब्रेक मात्र दाबायचा नाही, नाहीतर २१ वॅटच्या बल्बामुळं मोठा बल्ब अर्धवट पेटतो आणि आपण फसतो.

मी हे केलं. हँडल वळवलं, सीट उचलून वायरी पिळल्या, मडगार्डवर बुक्क्या मारल्या. बल्ब थंड. मग बायकोला मागं बसवून अंगणातच गाडी दाबली, उसळवली. बल्ब थंडच. ती उतरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बसले की फ्यूज जातो म्हणतोस, आणि आता जाईना. माझं वजन काढायलास काय?"

चूक तिची नव्हती, अंगणाची होती. उभ्या गाडीवर दोघं कितीही उसळली तरी शॉकअप शेवटपर्यंत दबत नाही. पन्नासच्या वेगानं स्पीडब्रेकरवर आपटल्यावर तो जिथपर्यंत जातो ते अंगणात दिसत नाही. मागचं अंग बदलणाऱ्या प्रत्येकानं गाडी स्टँडवर लावून टायर आणि मडगार्डमधली फट बघितलेली असते, समाधानानं मान डोलावलेली असते, फोटोही काढलेला असतो. ती फट खोटी असते. स्टँडवर चाक लोंबकळतं, शॉकअप पूर्ण उघडा असतो, म्हणजे दिसते ती सगळ्यात मोठी फट. आपल्याला हवी असते सगळ्यात लहान.

मला वाट दाखवली ती चिखलानं. खानापूर तालुक्याचा तांबडा चिखल ज्यांनी धुतलाय त्यांना माहीत आहे, तो सुकला की पत्र्यावर लुकण बसावं तसा बसतो. दसऱ्याला गाडी धुवायला काढली, आडवा होऊन मडगार्डच्या आत बॅटरी मारली. सगळीकडं बोटभर जाडीचा तांबडा थर, आणि मधोमध, सीटच्या मागच्या टोकाखाली, तळहाताएवढा पत्रा चकचकीत. जणू कोणी ओल्या फडक्यानं तेवढाच भाग पुसून घेतलाय. त्याच चकचकीत भागातून माझी वायर जात होती. तिच्या एका बाजूचं काळं आवरण घासून सपाट झालेलं, आणि क्लिपेच्या भोकाशी, जिथं मी ड्रिल मारून कड घासली नव्हती, तिथं तांब्याचे दोन केस उघडे. वायर एरवी त्या कडेपासून दोन मिलिमीटर लांब राहायची. टायर वर येऊन तिला दाबायचा तेव्हाच टेकायची, एका क्षणासाठी. फ्यूजला तेवढा क्षण पुष्कळ होतो.

मग प्रश्न असा की टायर तिथपर्यंत पोचतोच कसा. पोचत नव्हता आधी. काकांच्या वेळेला तर नाहीच, मडगार्ड बदलल्यावर आणि टायर बदलल्यावरसुद्धा नाही.

हे मापायची रीत जरा कष्टाची आहे, पण एकदाच करायची आहे. गाडी मेन स्टँडवर, चाकाखाली लाकडी ठोकळा, म्हणजे शॉकअपचे बोल्ट काढल्यावर चाक धपकन खाली येणार नाही. दोन्ही शॉकअप काढा. त्यातल्या एकाची स्प्रिंग, स्प्रिंग दाबायचं साधन ज्याच्याकडं आहे अशा दुकानातून, काढून आणा आणि तो शॉकअप स्प्रिंगशिवाय परत बसवा. हातानं, पान्यांनी, दोरीनं स्प्रिंग काढायचा प्रयत्न नको, ती सुटली तर दात जातो. गॅसचा डबा असेल तर तो उघडायचा नाही, आत नायट्रोजन दाबानं भरलेला असतो. स्प्रिंग नसली तरी गॅस दांडी बाहेर ढकलत राहतो, म्हणून चाक जॅकनं उचलावं लागतं. दांडीवरचं बम्प रबर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणारं रबर, वर टेकून चांगलं दबेपर्यंत चाक वर न्यायचं. हा शॉकअपचा शेवट. रस्त्यावर सगळ्यात वाईट धक्क्याला चाक इथं येतं.

आता फट किती उरली हे बघायला डोळा पुरत नाही, आत अंधार असतो आणि पट्टी जात नाही. मी शाडू वापरला. गल्लीच्या कोपऱ्यावर गणपतीची मूर्तिशाळा आहे, तिथून ओला गोळा आणला. त्याच्या तीन जाड वळ्या करून मडगार्डच्या आत पुढं, मधे, मागं चिकटवल्या, टायरवर प्लास्टिकचा कागद टाकला म्हणजे शाडू टायरला चिकटत नाही, आणि चाक वर उचललं. खाली घेतल्यावर वळी ब्लेडनं कापायची आणि तिची जाडी व्हर्नियरनं मोजायची. शाडू नसेल तर घट्ट मळलेली कणीक चालते, फक्त घरात आधी विचारा.

माझी मधली वळी कागदासारखी झाली. आणि टायर मडगार्डला भिडून थांबला तेव्हा शॉकअपची दांडी अजून १४ मिलिमीटर उघडी होती. म्हणजे शॉकअपच्या आधी मडगार्डच चाक थांबवत होतं.

वहीत हिशेब मांडला. मूळ गाडीत, स्टँडवर असताना, टायर आणि मडगार्डमध्ये १२० मिलिमीटर. मूळ शॉकअपवर चाक ८५ मिलिमीटर वर उचललं जायचं. शिल्लक ३५. आता माझे उद्योग. मडगार्ड खाली घेतलं, १५ गेले. सव्वातीन इंची टायरची उंची साधारण ८२, शंभर-नव्वदची (रुंदी १००, उंची तिच्या नव्वद टक्के) ९०, त्यात ८ गेले. शिल्लक १२. कमी आहे, चिखलाला जागा नाही, पण टेकत नाही. मग शॉकअप. दुकानात दोन्ही शेजारी धरून बघितले होते, भोकापासून भोकापर्यंत लांबी तंतोतंत सारखी, म्हणून निर्धास्त होतो. पण ती उघड्या शॉकअपची लांबी. दाबल्यावर नवा जुन्यापेक्षा २५ मिलिमीटर जास्त आत जात होता. शॉकअप चाकाच्या धुऱ्याच्या थोडा पुढं आणि तिरका बसतो, म्हणून त्याच्या २५ ला चाक २८ सरकतं. बारातून अठ्ठावीस गेले, उणे सोळा.

तिन्ही बदलांतला कोणताही एकटा केला असता तर चाललं असतं. पस्तीसमधून आठ गेले काय, पंधरा गेले काय, अठ्ठावीस गेले काय, टायर टेकला नसता. ते वेगवेगळ्या महिन्यांत झाले आणि दर वेळी मी फक्त नव्या वस्तूपुरतं बघितलं. शिवाय शेवटचा बदल मेमधला आणि पहिला फ्यूज श्रावणात. मधले तीन महिने आवरण घासलं जात होतं, म्हणून शॉकअपवर संशयच आला नाही. दुखणं ज्या दिवशी दिसलं त्याच्या आदल्या दिवशी काय केलं हे सगळे विचारतात. इथं तीन महिने मागं जावं लागतं.

दुरुस्ती अशी केली. मडगार्ड परत मूळ उंचीला. टायर परत सव्वातीनचा, कारण रुंद टायरनं वळणावर गाडी झुकायला जड झाली होती, चोर्ला घाटात ते चांगलंच जाणवायचं. दिसायला रुंद टायर देखणा, हे मान्य. एवढ्यानं शिल्लक ७ झाली. मूळ शॉकअप मी मूर्खपणानं भंगारात दिले होते, नाहीतर तेच दुरुस्त करून घातले असते आणि तुम्हीही तेच करावं. त्यामुळं नव्यांचा प्रवास आखडावा लागला. लेथवर नायलॉनच्या १५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढल्या, एका बाजूनं चिरल्या आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून सरकवून दांडीवर, बम्प रबराला लागून, चापासारख्या बसवल्या. दोन्ही बाजूंना अगदी सारख्या, नाहीतर चिमट्याला, म्हणजे मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या दांड्यांना, पीळ बसतो. चाकाचे १७ मिलिमीटर वाचले, शिल्लक २४. पुन्हा शाडू लावून मापलं, तेवढीच आली. आमच्याकडचा पाऊस आणि चिखल बघता वीसच्या खाली ठेवू नये.

मडगार्डच्या बोल्टांचंही एक सांगायचं राहिलं. बोल्टाचं डोकं आत, टायरकडं, आणि नट बाहेर. बाहेरून गुळगुळीत डोकं दिसावं म्हणून लोक उलट घालतात आणि आत बोल्टाची १० मिलिमीटर दांडी टायरवर रोखलेली राहते. माझा तसा एक होता. टायरवर त्याची रेघ उठली होती, ती मी दगडाची समजत होतो.

वायर आता मडगार्डच्या आतून जातच नाही. फ्रेमच्या पाइपाच्या बाहेरच्या बाजूनं मागं नेली आहे आणि टायरचा घेर संपल्यावरच आत घेतली आहे. भोकाची कड कानसीनं घासून त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवायचं कडं. वायर अनेक बारीक तारांची घ्या, घरातल्या बोर्डाची एकजाड तार गाडीच्या थरथरीनं आतल्या आत तुटते आणि वरून अखंड दिसते. जोड सोल्डर केला असेल तर तो जिथं संपतो तिथंच वायर मोडते, म्हणून दाबून बसवायचं कनेक्टर बरं.

फ्यूज थांबला, पण दिवा मंद होता. ब्रेक दाबला की छोटा दिवा उजळण्याऐवजी विझू बघायचा. हे वेगळं दुखणं, कारण अर्थिंग. मडगार्ड कापल्यावर मी ते पावडर कोटिंग करून आणलं होतं, आणि कोटिंगमधून करंट जात नाही. मूळ गाडीत दिव्याचा परतीचा रस्ता मडगार्ड, त्याचे बोल्ट आणि फ्रेम असा होता, तो मी रंगानं बंद करून टाकला. करंट मग उरल्यासुरल्या फटीतून, नाहीतर दुसऱ्या बल्बातून वाट काढतो. इंडिकेटर लावला की लाल दिवाही लुकलुकतो ते यामुळंच. तपासायला सोपं आहे. ब्रेक दाबून ठेवायला कोणाला तरी सांगा, मल्टिमीटरची एक काडी दिव्याच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडं १.४ आले. म्हणजे बल्बाला मिळत होते ४.६ व्होल्ट, आणि व्होल्टेजच्या वर्गानं हिशेब धरला तर ताकद साठ टक्क्यांच्याही आत. बारा व्होल्टच्या गाडीत एवढंच अर्थिंग खराब असलं तर उजेडातला फरक पटकन कळत नाही, सहा व्होल्टला कळतो. बोल्टांखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडणं हा एका पावसाळ्यापुरता उपाय आहे, तिथं गंज धरतो. दिव्यापासून फ्रेमच्या मोकळ्या लोखंडापर्यंत वेगळी अर्थची वायर टाका.

एलईडीचा मोह असेल तर इतकंच, बारा व्होल्टचे इंडिकेटर सहावर पेटत नाहीत, आणि सहाचे मिळाले तरी त्यांना लुकलुकवणारा जुना फ्लॅशर चालत नाही, कारण तो बल्बाच्या करंटनं तापून चालतो. मी बल्बच ठेवलेत.

निपाणीच्या एका मित्राचं दुखणं निराळं आहे, पण कुळी तीच. त्यानं फ्रेमचं मागचं टोक शॉकअपच्या मागं कापलं आणि वाकवलेला अर्धगोल पाइप नुसता टोकाला टोक लावून वेल्ड केला. चार महिन्यांत तडा. पुन्हा वेल्ड, पुन्हा तडा, तिसऱ्यांदा माझ्याकडं आला. तडा वेल्डमध्ये नव्हता, वेल्डच्या कडेला, पाइपातच होता. तिथं पाइप तापून गेलेला असतो आणि त्यानं वर ग्राइंडर फिरवून जोड सपाटही केला होता, म्हणजे होता तो जाडपणाही घालवला. मागं बसणाऱ्याचं वजन शॉकअपच्या मागं पडतं, ते त्या जोडाला सारखं खाली मोडू बघतं. आमच्या वेल्डरअण्णांनी बघितलं आणि कानडीत दोनच शब्द बोलले, "ओळगे इल्ला", म्हणजे आत काही नाही. पाइपच्या आत घट्ट बसणारा, दोन्हीकडं चार-पाच सेंटिमीटर जाणारा तुकडा मी लेथवर काढून दिला. पाइपाला बाहेरून भोकं पाडून त्यातून आतल्या तुकड्याला टाके मारले, मग गोल जोड भरला आणि तो घासला नाही. फुगीर दिसतो, दिसू दे. पाण्याचा गॅल्व्हनाइज पाइप यासाठी कोणी वापरू नये. तो या कामाचा नाही, आणि वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

माझं मत विचाराल तर फ्रेम कापूच नये. बोल्टानं लागेल आणि बोल्टानं निघेल तेवढंच करावं. एक कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्यात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, पण मूळ रूपातल्या गाड्यांनाच. मित्राची १९६९ ची जावा त्यात बसली असती. आता फ्रेमला फुगीर जोड आहे.

दुसरं कारण साडीचं. मी नटवताना साडीगार्डही काढला होता, तो म्हणे लाइन बिघडवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण, पायटा आणि धरायला मूठ मागतो, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. नियम मला नंतर कळला. आधी काकूला कपिलेश्वराला नेताना तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ तिचा पदर चाकाशी फडफडताना आरशात दिसला, आणि गाडी कडेला घेऊन मी रिक्षा थांबवली. ती रिक्षात बसताना म्हणाली, "तुझ्या काकांनी कधी उतरवलं नव्हतं मला." साडीगार्ड त्याच रात्री परत बसवला.

चेनचा पूर्ण डबा मात्र मी कधीच काढला नाही, याचं श्रेय मला द्या. येझदीची चेन मूळचीच झाकलेली असते, आणि लोक सर्वांत आधी तेच काढून फेकतात. शॉकअप बदलले असतील तर चेनचा ताण नव्यानं बघावा लागतो. पुढचं दातेरी चाक, चिमट्याची खीळ आणि मागचा धुरा एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते. ताण त्या स्थितीत तपासा, चाक लोंबकळत असताना नाही. स्प्रिंग काढलेला शॉकअप लावलेला असतो तेव्हाच हेही उरकून घ्यावं, परत कोण उघडत बसणार.

जोडणी झाल्यावर फ्यूजच्या जागी पुन्हा तोच हेडलाइटचा बल्ब बांधून, तो टाकीवर दिसेल असा चिकटवून, बायकोला मागं बसवून खानापूर रोडनं मच्छेपर्यंत गेलो आणि आलो. मच्छेच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर मुद्दाम वेग कमी केला नाही. बल्ब पेटला नाही. मागून पाठीत एक चापट बसली, ती वेगळ्या कारणासाठी. घरी येऊन पाचचा फ्यूज घातला, चिखलाचा थर धुतला नाही, तसाच राहू दिला. दर रविवारी आडवा होऊन बॅटरी मारतो. थर अजून अखंड आहे.